विणकराचे फूल आणि विणकराचा वेळ

कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावतात ते मजुरीवाढीवर, बोनसवर, फार तर मे दिनाच्या इतिहासावर बोलण्यासाठी. आजवर आम्हीही या समजुतीला धक्का लावला नव्हता. यंदा मात्र आम्ही ‘एका फुलाचा इतिहास’ असा विषय कळवला, तेव्हा चालकांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ काळजीने म्हणाले, “अण्णा, प्रकृती बरी आहे ना?” प्रकृती उत्तम आहे. विषय फुलाचा असला तरी त्यात सूत आहे, माग आहे, संप आहे आणि उपासमारही आहे. श्रोत्यांनी थोडा धीर धरला तर आम्ही आमच्या नेहमीच्याच रस्त्यावर आहोत, हे त्यांच्या ध्यानात येईल.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरता भरता आणि संध्याकाळी नगरवाचनालयाच्या बाकावर. त्या बाकावरच एकदा आम्ही कोयरीच्या नक्षीचा माग काढीत बसलो होतो. आपल्या साड्यांच्या पदरावर, शालींच्या काठावर, मेंदीत, रांगोळीत जी कोयरी असते, तिला इंग्रज ‘पेझली’ म्हणतात. पेझली हे स्कॉटलंडमधले एक गाव, ग्लासगो शहराच्या पश्चिमेला. काश्मीरच्या शाली युरोपात गेल्या, त्यांच्या किमती तिकडच्या मध्यमवर्गाला परवडेनात, म्हणून एडिंबरो, नॉरिच आणि १८०५ च्या सुमारास पेझली या गावांनी त्यांच्या नकला विणायला घेतल्या. पेझलीच्या नकला इतक्या खपल्या की काश्मिरी कारागिराची कोयरी त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आम्ही गेलो होतो या चोरीचा छडा लावायला. परंतु पुस्तकात दोन ओळी अशा आढळल्या की मूळ विषय बाजूलाच राहिला. त्या ओळींचा आशय असा, की हेच पेझलीचे विणकर शालींच्याही आधीपासून एका फुलाच्या लागवडीसाठी साऱ्या ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होते, आणि त्या फुलात त्यांची बरोबरी करणारे कोणी नव्हते.

ते फूल म्हणजे पिंक. आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये वाढणारे आणि लग्नाच्या मांडवात दिसणारे कार्नेशन हा त्याचा थोराड चुलतभाऊ. हिवाळ्यात बागांच्या कडेने लावतात तो हंगामी डायंथसही त्याच कुळातला. परंतु आम्ही बोलतो आहोत तो पिंक बहुवर्षायू आहे. निळसर राखी रंगाची, गवतासारखी अरुंद पाने, आणि झाडाची वाढ वर न जाता जमिनीलगत पसरणारी. वीतभर उंचीची चटई अंथरावी तसे ते दगडांवरून ओघळत जाते, बर्फातही हिरवे राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे तिकडच्या जूनमध्ये, त्यातून बारीक दांड्यांवर फुले उभी राहतात. वास लवंगेचा. तो नुसता लवंगेसारखा नव्हे. लवंगेच्या तेलात जे युजेनॉल नावाचे द्रव्य असते तेच या फुलांच्या वासातही आहे. त्याला चुनखडीची जमीन आवडते, थंडी चालते, ऊन चालते, परंतु मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. म्हणून तर रॉक गार्डनवाल्यांचे ते लाडके. आपल्या आषाढ-श्रावणात ते टिकायचे नाही.

ग्रीकांनी याच्या वंशाला ‘देवाचे फूल’ म्हटले, त्यावरून डायंथस हे नाव. लिनियसने १७५३ साली ते शास्त्रात रूढ केले. आणखी एक गंमत सांगून पुढे जाऊ. गुलाबी रंगाला इंग्रजीत पिंक म्हणतात, त्यावरून फुलाला हे नाव पडले असे आपल्याला वाटते. घडले उलटे. फुलाचे नाव आधीचे, आणि फुलावरून ते रंगाला मिळाले.

आता पेझलीला जाऊ. १७६० नंतर या गावात झिरझिरीत रेशमी कापडाचा धंदा जोरात चालला. पुढे रेशमाची जागा तलम मलमलीने घेतली. विणकर घरीच विणीत. तळमजल्यावर मातीच्या जमिनीची, ओलसर खोली. त्यात दोन-चार माग. जमीन मातीचीच हवी, कारण हवेत ओल असली तर तलम धागा तुटत नाही. पेझलीजवळच्या किलबार्कन गावात १७२३ सालचे असे एक विणकराचे घर आजही जपून ठेवलेले आहे. आमच्या भागातल्या जुन्या साळी-कोष्टी घरांतले खड्ड्याचे माग ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. घरामागे एक अरुंद वाफा. त्या वाफ्यात भाजी, आणि भाजीच्या शेजारी पिंक.

त्या काळी ‘फ्लोरिस्ट’ म्हणजे फुले विकणारा नव्हे. एखादे फूल ठरलेल्या नियमांप्रमाणे निर्दोष वाढवायचे, ते मंडळाच्या सभेत मांडायचे, आणि दुसऱ्याच्या फुलाशी तोलून घ्यायचे, असा छंद असलेल्या माणसाला फ्लोरिस्ट म्हणत. अशी फुलेही मोजकीच होती: ट्यूलिप, ऑरिक्युला, कार्नेशन, पिंक, हायसिंथ आणि आणखी दोन-तीन. या मंडळांत कोण असे? लँकेशायरमध्ये हातमागाचे विणकर, शेफील्डमध्ये चाकू-सुऱ्या करणारे, आणि पेझलीत पुन्हा विणकर. पेझलीचे फ्लोरिस्ट मंडळ आपला जन्म १७८२ सालचा सांगते. म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या सात वर्षे आधी हे लोक फुलांसाठी वर्गणी जमवीत होते, इतिवृत्त लिहीत होते, नियम मोडणाऱ्याला ताकीद देत होते. वर्गणी, इतिवृत्त आणि ताकीद या तीन गोष्टी ज्याला जमल्या त्याला संघटना जमली, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

रानटी पिंकला पाच पाकळ्या, कडा कातरलेल्या, रंग फिका. १७७० च्या दशकात इंग्लंडमधल्या जेम्स मेजर नावाच्या माळ्याला एक वेगळेच रोप सापडले. त्याच्या पाकळीच्या बुडाशी गडद डोळा होता आणि त्याच गडद रंगाची बारीक रेघ पाकळीच्या कडेने फिरलेली होती. याला ‘लेस्ड पिंक’ म्हणतात. आपण काठाचा पिंक म्हणू. साडीच्या अंगाला जसा काठ, तसा प्रत्येक पाकळीला काठ. पेझलीकरांनी हे फूल हाती घेतले आणि त्याचा धर्मच ठरवून टाकला. पाकळीची कड कातरलेली नको, गुलाबाच्या पाकळीसारखी गोल आणि साफ हवी. मधली जमीन पांढरी शुभ्र हवी. काठ सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा, कुठे तुटलेला नको, पांढऱ्यात फाकलेला नको. फुलाखालचा हिरवा पेला एका बाजूने फाटला की फूल बाद, मग ते कितीही सुंदर असो. आमच्याकडे कापड तपासायला टेबलावर पसरतात आणि खोट दिसली की मजुरी कापतात, त्याची आठवण हे नियम वाचताना होते. फरक इतकाच, की इथे तपासणारा आणि तपासून घेणारा दोघेही विणकरच होते, आणि कपात कोणाचीच होत नव्हती.

विल्यम फेरियर नावाच्या पेझलीतल्या एका धर्मोपदेशकाने त्या काळी याची मीमांसा केली आहे. त्याचे म्हणणे असे, की तलम मलमलीवर रोज नवे नक्षीकाम बसवता बसवता या लोकांची नजर इतकी तयार झाली होती, की ती आपोआप फुलातल्या नक्षीकडे वळली. ही मीमांसा पुढच्या बहुतेक लेखकांनी जशीच्या तशी उचलली. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही, परंतु अपुरी आहे असे आमचे मत आहे. नजर तयार असलेले विणकर आम्ही शेकड्यांनी पाहिले. पन्नास फुटांवरून चालत्या मागाचा नुसता आवाज ऐकून ‘तिसऱ्या मागावर धागा तुटला’ असे सांगणारी माणसे आमच्या संघटनेत आहेत. नक्षी ओळखणारी आहेत, रंगाची छटा चुकली तर जेवण न जाणारी आहेत. त्यांच्या दारात मात्र फूल नाही. तेव्हा नुसत्या नजरेने फूल येत नाही. आणखी काहीतरी लागते.

काय लागते ते फुलाच्या कामावरूनच पाहावे. काठाचा पिंक बियांपासून लावला तर आईसारखा निघत नाही. शेकडो रोपांत एखादे पुढे नेण्यासारखे. ते निवडायचे म्हणजे पहिल्या बहरात प्रत्येक रोपाजवळ बसायचे. निवडलेले रोप पुढे वाढते ते फक्त कलमांनी. जून-जुलैत कोवळा शेंडा सांध्यापाशी ओढून काढायचा, बारीक मातीत रोवायचा, वर काचेची हंडी झाकायची, आणि मुळे फुटेपर्यंत ऊन चढले की सावली करायची, उतरले की काढायची. कळी फुगू लागली की पेला फाटू नये म्हणून तिला मऊ साल बांधायची. फूल उमलले की दुपारच्या उन्हाने काठाचा रंग उडतो आणि पावसाच्या एका सरीने पांढऱ्यावर डाग पडतात. म्हणजे दोन्हीपासून आडोसा. स्पर्धेच्या दिवशी पाकळ्या एकावर एक नीट बसवायच्या. यातले एकही काम अवघड नाही, जड नाही. परंतु ही कामे दिवसभर पसरलेली आहेत. सकाळी पाच मिनिटे, अकराला दोन मिनिटे, दुपारी ढग आले की धावत जाऊन एकदा. याचा अर्थ उघड आहे. हे फूल त्यालाच वाढवता येते, ज्याचा माग त्याच्या घरात आहे आणि धोटा खाली ठेवून उठायला ज्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पेझलीच्या विणकराजवळ हे होते. पैसा मध्यम होता, परंतु वेळ त्याचा होता. तो बारा-बारा तास विणीतही असेल. ते बारा तास कुठून कुठवर धरायचे हे मात्र तो ठरवी. त्या वेळाचे त्याने जे केले त्यात फूल हा एक भाग झाला. याच गावचा रॉबर्ट टॅनाहिल मागावरच फळी बसवून, विणता विणता गाणी लिहून ठेवी. याच गावचा अलेक्झांडर विल्सन. त्याने १७९२ साली, एक गिरणीमालक मोजमापात लबाडी करून विणकरांना लुबाडतो, अशी कविता लिहिली. त्यापायी त्याला तुरुंग घडला, आणि आपली कविता भर चौकात स्वतःच्या हाताने जाळावी लागली. १७९४ साली तो अमेरिकेला निघून गेला आणि तिथल्या पक्ष्यांवर त्याने असा ग्रंथ रचला की अमेरिकन पक्षिशास्त्राचा जनक म्हणून त्याचे नाव घेतात. विणकराच्या मोकळ्या वेळातून पक्षिशास्त्र निघाले. मग एक फूल निघाले यात नवल कसले?

परंतु हा काळ सुवर्णयुग होता असे कोणी समजू नये. कामगार चळवळीतल्या माणसाला जुन्या हातमागाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. आम्हांलाही झाला, म्हणून हे सांगणे भाग आहे. १७८७ साली ग्लासगोच्या काल्टन भागातल्या विणकरांनी मजुरीकपातीविरुद्ध माग बंद ठेवले, तेव्हा लष्कराने गोळीबार केला आणि सहा विणकर मेले. शिवाय पेझलीच्या नक्षीच्या मागावर विणकर एकटा नसे. वरचे दोर योग्य क्रमाने ओढून धागे उचलायला एक पोर बाजूला उभे असे. त्याला ‘ड्रॉबॉय’ म्हणत. बायको कांड्या भरी. बाप उठून वाफ्यात गेला तर पोराला तेवढीच विश्रांती, आणि रात्री ती भरून काढायची. आम्ही स्वतः तेराव्या वर्षी कांड्या भरायला उभे राहिलो. त्यामुळे पेझलीच्या काठाच्या पिंकचे वर्णन वाचताना आमचे लक्ष त्या दोर ओढणाऱ्या पोराकडे गेल्याशिवाय राहत नाही. त्याला फुलाचा वास यायचा की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

१८१२ हे साल महत्त्वाचे. विणकरांनी कायद्याची वाट धरून न्यायाधीशांकडून मजुरीचे दर ठरवून घेतले होते. दर रास्त आहेत असा निर्णयही मिळाला. मालकांनी तो पाळला नाही. तेव्हा स्कॉटलंडभर सुमारे ४०,००० विणकरांनी माग थांबवले. संप काही आठवडे शिस्तीत चालला, मग पुढाऱ्यांना पकडले, तुरुंगात टाकले, आणि १८१३ मध्ये ज्या कायद्याच्या आधाराने दर मागता येत होते तो कायदाच रद्द झाला. निर्णय कामगाराच्या बाजूने लागावा आणि मग कायदाच उरू नये, हा अनुभव कामगार चळवळीला नवा नाही. असो.

पुढची हकीकत थोडक्यात. १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये हातमागाचे विणकर दोन लाख चाळीस हजारांच्या घरात होते. १८५० पर्यंत ते चाळीस हजारांवर आले. पेझली काही काळ शालींमुळे तगली. नक्षीच्या कामाला यंत्रमाग लवकर पोचला नाही, परंतु जाकार्डचा माग पोचला. त्याने दोर ओढणाऱ्या पोराची गरज संपवली आणि त्याबरोबर माग घरातून उचलून मालकाच्या छपराखाली नेला, कारण तो उंच माग विणकराच्या खोलीत मावेना आणि त्याची किंमत त्याला झेपेना. मग १८४१ ते १८४३ ची मंदी आली. गावातल्या ११२ पेढ्यांपैकी ६७ बुडाल्या. १८४२ च्या फेब्रुवारीत सुमारे पंधरा हजार माणसे मदतीच्या अन्नावर होती. व्हिक्टोरिया राणीने उत्तेजन म्हणून पेझलीच्या शाली मागवल्या. १८७० च्या सुमारास बायकांच्या पोशाखाची तऱ्हा पालटली, पाठीमागे फुगीर घागरा आला, त्यावर शाल बसेना, आणि धंदा संपला. त्यानंतर पेझली जगली ती शिवणाच्या दोऱ्यावर. आपल्या घरातल्या बायका भरतकामाला जो अँकरचा दोरा वापरतात, त्या नांगराचे मूळ पेझलीच्या क्लार्क घराण्याच्या गिरणीत आहे. तिथे बायका आणि मुली भोंग्यावर कामाला जात. तीही गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली.

या साऱ्यात फुलाचे काय झाले? बागकामाची पुस्तके सांगतात की गावे वाढली, धूर वाढला, आवडी बदलल्या. धूर होता, खरे. पण धुराने वाफा मेला तर माणूस गावाबाहेर वाफा घेतो. पाव्याचे दोन पैसे आणि दुपारची दोन मिनिटे गेली तर तो काही करू शकत नाही. आणि इथे या फुलाची एक दुबळी बाजू उघडी पडते. पुस्तक शंभर वर्षे धूळ खात पडले तरी उघडले की वाचता येते. काठाचा पिंक तसा नाही. रोप तीन-चार वर्षांत जून होऊन बसते. वेळेवर कलम काढले नाही तर ते मरते, आणि बियांतून ते परत येत नाही. म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या हातात शेंडा द्यायचा, त्याने तिसऱ्याच्या, ही साखळी दोन-तीन उन्हाळे तुटली की जात नाहीशी. पेझलीच्या विणकरांनी निपजवलेल्या जातींपैकी बहुतेक अशाच गेल्या. ‘पेझली जेम’ नावाची एक राहिली. जॉन मॅक्री नावाच्या मलमल विणणाऱ्याने ती १७९८ साली निपजवली आणि तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट धाडली, असे सांगतात. नाव पाहावे तर गावाचे, विणकराचे नव्हे.

याच्या उलट एका फुलाची गोष्ट. लंडनच्या पश्चिमेला स्लाउ गावी एक वर्कहाऊस होते. वर्कहाऊस म्हणजे १८३४ च्या इंग्रजी कायद्याने निराधारांसाठी काढलेले सरकारी घर. पोटाला घालायचे, परंतु इतक्या अपमानाने की माणसाने तिथे येण्यापेक्षा मिळेल त्या मजुरीवर राबावे. नवरा एका वाड्यात, बायको दुसऱ्यात, मुले तिसऱ्यात. अनेक खेड्यांनी मिळून एक घर चालवायचे, म्हणून त्या जोडणीला ‘युनियन’ म्हणत. पुढे लोक त्या घरालाच युनियन म्हणू लागले. इंग्लंडातला म्हातारा मजूर ‘शेवटी युनियनमध्ये जावे लागले’ असे म्हणे, त्याचा अर्थ त्याचे सर्वस्व गेले असा होता. ज्या शब्दासाठी आम्ही हयात घालवली, त्याचा हा दुसरा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बाहेर चहाला गेलो.

त्या वर्कहाऊसचा व्यवस्थापक जॉन सिंकिन्स. त्याने १८६८ च्या सुमारास एक पांढरा पिंक निपजवला आणि त्याला बायकोचे नाव दिले, ‘मिसेस सिंकिन्स’. चार्ल्स टर्नर नावाच्या रोपवाटिकाधारकाने तो बाजारात आणला. हा पिंक पेझलीच्या सभेत मांडला असता तर पंचांनी तो हातातसुद्धा धरला नसता. त्याच्या कडा कातरलेल्या, काठाचा पत्ता नाही, पेला हमखास फाटणार आणि पाकळ्या एका अंगाला लोळणार. परंतु वास असा की वाफा दिसायच्या आधी कळावा, आणि जीव चिवट. दगडाच्या फटीत शेंडा खोचला तरी चटई धरणार. दीडशे वर्षे झाली, तो मेला नाही. स्लाउ गावाने आपल्या नगरचिन्हात हंस घातला आणि त्याच्या चोचीत हे फूल दिले. वर्कहाऊसमधल्या बागा तिथल्या निराधारांकडूनच कसून घेत. त्यांचे नाव नगरचिन्हात असण्याचा प्रश्नच नाही. तरीही या फुलावर आम्हांला राग धरता येत नाही. ते कोणाच्या वेळावर अवलंबून राहिले नाही, म्हणून वाचले.

रॉक गार्डनचे वेड आले ते यानंतर. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या श्रीमंतांना आपल्या हिरवळीत आल्प्स पर्वत हवासा वाटू लागला. सर फ्रँक क्रिस्प नावाच्या वकिलाने हेन्लीच्या आपल्या फ्रायर पार्क या बागेत हजारो टन दगड आणवून मॅटरहॉर्न शिखराची छोटी प्रतिकृती उभारली. अशा बागांना दगडांवर पसरणारा, सुगंधी, चिवट पिंक हवाच होता, आणि त्यातही रानचा हवा होता. इंग्लंडात तो सॉमरसेटमधल्या चेडर घळीच्या चुनखडीच्या कड्यांवर वाढतो. गुलाबी, एकेरी, तितकाच सुवासिक. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सॅम्युएल ब्रुअर या माणसाने तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. हा ब्रुअर लोकरी कापडाच्या धंद्यात बुडालेला कारखानदार होता. या फुलाचा आणि कापडधंद्याचा ऋणानुबंध असा कुठेही उगवतो! पुढे घळ पाहायला येणाऱ्यांना विकण्यासाठी त्याची रोपे इतकी उपटली गेली की आता तो कायद्याने संरक्षित आहे. २००२ साली सॉमरसेटच्या लोकांनी मते देऊन त्याला आपल्या परगण्याचे फूल ठरवले.

आता आमच्या गावाविषयी थोडे. आम्ही ज्या कामगारांत काम करतो त्यांच्या पाळ्या बारा तासांच्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवले होते, परंतु माग चार-सहा, छप्पर भाड्याचे, आणि हजेरीचे पुस्तक नाही, तिथे तास मोजायचे कोणी? मजुरी पिकावर, म्हणजे मागाने कापड किती विणले त्यावर. तेव्हा कामगार स्वतःच घड्याळाकडे पाहत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० रोजी. आमच्याकडे कित्येक छपरांत ती आजही वीज नसल्याच्या दिवशी मिळते.

आमच्या संघटनेतला एक कामगार रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मोगरा लावी. सात बादल्या होत्या. त्याच्या पाळीची वेळ महिन्या-महिन्याला बदले; दिवसपाळीत तो उजाडायच्या आत जाई आणि अंधारात परत येई. त्याचा मोगरा त्याने महिनाभर पाहिलेला नसे, फक्त वासावरून आज किती फुलला हे सांगे. एकदा मालकाने दुसऱ्या छपरात बदली केली, दोन्ही पाळ्यांत मिळून सोळा तास पडू लागले, आणि त्या उन्हाळ्यात सात बादल्यांतल्या पाच वाळल्या. आम्ही मागणीपत्रात तासांचा मुद्दा घालायचा म्हणून त्याची जबानी लिहून घेतली. त्याने सोळा तास सांगितले, पाठीचे दुखणे सांगितले, आणि ‘मोगऱ्याचे पण लिहा’ म्हणाला. आम्ही लिहिले नाही. मागणीपत्रात असले शोभत नाही, असे तेव्हा आम्हांला वाटले. त्याला दहा-बारा वर्षे झाली असतील.

पेझलीच्या विणकरांनी मात्र याहून बारीक मुद्द्यावर तंटा केला होता. शालीत रंगीत धागे जागच्या जागी धरून ठेवायला एक अगदी तलम सुती आडवा धागा टाकावा लागे. त्याला ते ‘स्मा शॉट’ म्हणत. तो विणल्यावर दिसत नसे. दिसत नाही म्हणून मालक त्याची मजुरी देत नसत. तो टाकल्याशिवाय मात्र शाल उसवून हातात येई. विणकरांनी हा वाद वर्षानुवर्षे चालवला आणि १८५६ साली न दिसणाऱ्या धाग्याची मजुरी पदरात पाडून घेतली. तेव्हापासून जुलैचा पहिला शनिवार हा गावाच्या सुट्टीचा दिवस ठरला. मध्ये तो बंद पडला होता. १९८६ साली पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी ढोल वाजवीत मिरवणूक निघते, तिच्यात जुन्या विणकरांचा निशाण असतो, आणि शेवटी मालकाचा पुतळा जाळतात. पिंकचा बहर तोवर ओसरत आलेला असतो, आणि कलमे काढायचे दिवस तेच.